काशाचा कान

नमस्कार श्रोतेहो.

माझं आजोळ संगमेश्वर तालुक्यातलं. तिथं जमिनीतून आपसूक वर येणाऱ्या गरम पाण्याला 'उन्हाळं' म्हणतात. लहानपणी आजीबरोबर तुरळच्या कुंडावर जायचो. आजी आधी पाण्याला हात जोडायची, मगच पाय आत टाकायची. "देवाचं पाणी आहे," एवढंच म्हणायची. आजीचे ते जोडलेले हात मला पुन्हा आठवले ते थेट इटलीत, तोस्काना प्रांतातल्या एका डोंगरगावात. त्या गावाबद्दल आज बोलायचं आहे.

गावाचं नाव सान काशानो देई बान्यी. 'बान्यी' म्हणजे स्नानं, न्हाण्याच्या जागा. सिएना जिल्ह्याच्या अगदी दक्षिण टोकाला, समुद्रसपाटीपासून 582 मीटर उंचीवर, टेकडीच्या माथ्यावर बसलेलं हे गाव. वस्ती जेमतेम दीड हजाराची. रोमहून आगगाडीनं क्यूसीला उतरायचं आणि तिथून तीसेक किलोमीटर वळणावळणाच्या रस्त्यानं वर चढायचं. आम्ही दोघं, मी आणि माझी पत्नी, 2023 च्या ऑक्टोबरमध्ये गेलो. बस दिवसातून मोजक्याच. आमची चुकली आणि स्टेशनबाहेर बराच वेळ बसावं लागलं. पुढं एक टॅक्सी मिळाली. जाणार असाल तर गाडीची सोय आधी करून ठेवा.

वर पोचलं की चौकाच्या कठड्यावरून सगळा मुलूख दिसतो. एका बाजूला चेतोनाचा डोंगर, 1,148 मीटरचा. दुसरीकडे लांबवर आमियाता, 1,738 मीटरचा, एके काळचा ज्वालामुखी. मधे रादिकोफानीचा किल्ला, एखाद्या सुळक्यावर टोपी ठेवावी तसा. खाली जैतुनाच्या बागा आणि नांगरून ठेवलेली तपकिरी शेतं. हे गाव पंधराव्या शतकात सिएनाच्या सत्तेखाली गेलं, सोळाव्या शतकात सिएनाबरोबर फ्लॉरेन्सच्या मेदिची राजघराण्याकडे. गल्ल्या दगडी, अरुंद, स्वच्छ. अर्ध्या तासात गाव पालथं घालून होतं. पण खरं गाव वर नाहीच. ते उतारावर, पाण्यापाशी आहे.

या गावाच्या आसपास 42 झरे आहेत. पाणी चाळीस अंशांच्या आगेमागे तापलेलं, आणि रोज लाखो लिटर वाहतं. ते तापतं कसं? चेतोनाच्या चुनखडीत पावसाचं पाणी मुरतं, खोल खोल जातं. आमियाताच्या परिसरात जमिनीच्या पोटात अजून बरीच उष्णता आहे, इतकी की त्या डोंगरावर भूगर्भातल्या वाफेवर वीज तयार करतात. त्या उष्णतेनं तापलेलं पाणी खडकातल्या भेगा सापडतील तशी परत वर येतं. आज आपल्या पायांवरून वाहणारं पाणी कितीतरी वर्षांपूर्वीच्या पावसाचं असतं.

गावातून पायवाटेनं दहा-पंधरा मिनिटं खाली उतरलं की उघड्यावर दोन जुनी दगडी टाकी लागतात. एकाचं नाव बान्यो ग्रान्दे, म्हणजे मोठं स्नान, दुसऱ्याचं बोस्सोलो. तिकीट नाही, दार नाही, पहारेकरी नाही. टाक्याच्या काठाचे दगड इतके गुळगुळीत झालेत की तळवा ठेवला तर लोण्यावर ठेवल्यासारखं वाटतं. एका कडेला दगड तिरका उतरलेला आहे, आपल्याकडे धुणं आपटायला असतो तसा. एक वयस्क बाई पाय सोडून बसल्या होत्या. माझ्या मोडक्यातोडक्या इटालियनला त्यांनी फार धीरानं उत्तरं दिली. त्यांची आई याच दगडावर कपडे धुवायची, थंडीत सुद्धा, कारण पाणी फुकट आणि गरम. त्या हातानं घासून दाखवत होत्या: असं, असं.

आणि श्रोतेहो, या धुण्याच्या जागेपासून हाकेच्या अंतरावर, तारेच्या कुंपणापलीकडे एक खड्डा आहे.

2019 मध्ये तिथं उत्खनन सुरू झालं. पुरातत्त्वज्ञ याकोपो ताबोल्ली त्याचे प्रमुख, प्रत्यक्ष खोदकामाची जबाबदारी एमानुएले मारियोत्ती यांच्याकडे. काम कोरड्या मातीतलं नव्हे. ऊन पाणी सतत वर येतं, पंप लावून ते उपसत राहायचं आणि गुडघाभर गरम चिखलात, हातानं चाचपत, थर उकलायचे. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये जगाला बातमी कळली. चिखलातून ब्राँझच्या 24 मूर्ती निघाल्या होत्या, काही जवळजवळ मीटरभर उंचीच्या, आणि सोबत हजारो नाणी. इटलीच्या संग्रहालयांचे तेव्हाचे महासंचालक मास्सिमो ओसान्ना म्हणाले की 1972 मध्ये दक्षिण इटलीतल्या रियाचेच्या समुद्रात दोन ब्राँझ योद्धे सापडले, त्यानंतरचा हा सर्वांत मोठा शोध.

ब्राँझ म्हणजे तांबं आणि कथील, आपलं कासं. काशाची वाटी पायाला घासतात तेच. जुन्या जगातलं बहुतेक कासं पुढं वितळवलं गेलं, भांडी झाली, हत्यारं झाली, घंटा झाल्या. इथलं वाचलं ते पाण्यामुळे. गरम गाळात हवा पोचत नाही, म्हणून धातू खाल्ला गेला नाही. दोन हजार वर्षांनी बाहेर आलेल्या चेहऱ्यांवर केसांच्या बटा मोजता येतात.

या मूर्ती आम्ही आधी रोममध्ये पाहिल्या होत्या. त्या वर्षी क्विरिनाले प्रासादात, म्हणजे इटलीच्या राष्ट्रपतींच्या निवासस्थानी, त्यांचं प्रदर्शन मांडलं होतं. मी गेलो होतो देव बघायला. अपोलो होता, आरोग्याची देवता हिगिया होती. पण माझे पाय खिळले ते एका छोट्या काचेच्या कपाटापाशी. तिथं अवयव होते. काशाचे पाय, काशाचे हात. गर्भाशय. छातीपोटाच्या आतले अवयव दाखवणारं एक पत्र्यासारखं फलक. दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं तान्हं बाळ. आणि कान.

पत्नीनं माझा दंड धरला आणि हळूच म्हणाली, "अहो, हा तर नवस."

खरंच होतं. आपल्याकडे डोळे आले, दृष्टीचं दुखणं झालं की देवीला चांदीचे डोळे वाहतात. मूल झालं की देवळात पाळणा टांगतात. वांद्र्याच्या मोतमावलीच्या जत्रेत मेणाचे हात, मेणाचे पाय, मेणाची बाळं विकायला असतात, आणि तिथं रांगेत हिंदूही असतात, ख्रिस्तीही. ते नवस आणि हे नवस एकमेकांकडून आले असं मी म्हणत नाही, त्याला पुरावा नाही. पण ज्याचं जे दुखतं त्याची प्रतिमा करून देवापुढं ठेवायची, हे त्या कपाटासमोर आम्हा दोघांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही. शेजारी एक इटालियन गृहस्थ मुलीला पाटी वाचून दाखवत होते. आम्ही पाटी न वाचताच पुढं सरकलो.

कानाबद्दल थोडं सांगतो. प्राचीन देवस्थानांत असे कान बऱ्याच ठिकाणी सापडतात आणि त्यांचे दोन अर्थ लावतात. एक सरळ: कुणाचा तरी कान दुखत होता, ऐकू येत नव्हतं, त्यानं कान वाहिला. दुसरा अर्थ मला फार जवळचा वाटतो: तो कान देवाचा आहे. माझं ऐक, किंवा तू ऐकलंस, हे सांगण्यासाठी वाहिलेला. रेडिओवर बोलणाऱ्या माणसाला हा अर्थ विसरता येत नाही. समोर कुणी दिसत नाही, तरी कुणीतरी ऐकतंय या भरवशावर आपण बोलत असतो. त्या झऱ्याकाठी आलेल्या माणसाचंही तसंच असणार.

आता जो मुद्दा सांगण्यासाठी मी हे भाषण लिहिलं, त्याकडे येतो. हे देवस्थान मूळचं एट्रुस्कन लोकांचं. एट्रुस्कन म्हणजे रोमच्या आधी मध्य इटलीत नांदलेला समाज. त्यांची लिपी आपल्याला वाचता येते, भाषा मात्र पूर्ण उलगडलेली नाही. जवळचं क्यूसी हे त्यांचं मोठं नगर. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकाच्या सुमारास इथं पूजा सुरू झाली. पुढच्या दोनशे वर्षांत रोमनं हा सगळा प्रदेश गिळला. लढाया झाल्या, यादवी झाली, एट्रुस्कन भाषा हळूहळू मरत गेली. आणि नेमक्या त्याच काळातल्या या मूर्तींवर दोन्ही भाषांतले लेख आहेत. एट्रुस्कन घराण्यांची नावं आहेत, पेरुज्याच्या वेलिम्ना घराण्यासारखी, आणि लॅटिन लेखही आहेत. एट्रुस्कन भाषेत इथल्या दैवताला 'फ्लेरे हावेन्स' म्हटलंय, झऱ्याचं दैवत. लॅटिनमध्ये 'फोन्स', म्हणजे झराच. बाहेर तलवारी चालल्या होत्या आणि इथं दोन्हीकडची माणसं एकाच टाक्यात आपापलं दुखणं सोडत होती.

पुढं आणखी एक मोठा बदल आला. ख्रिस्ती धर्म आला, जुन्या देवांची देवळं बंद करण्याचे हुकूम निघाले. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला हे स्थानही बंद झालं. अशा वेळी काय होतं ते आपण इतिहासात पुष्कळ वाचतो: मूर्ती फोडतात, धातू वितळवतात. इथं तसं झालं नाही. मूर्ती पाण्यातच राहू दिल्या आणि वरून देवळाचे जडजड दगडी खांब आडवे टाकून कुंड झाकून घेतलं. कुणी झाकलं, त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत. पण इतक्या काशाची किंमत त्यांना कळत नव्हती असं कसं म्हणायचं? कळत होती. तरी त्यांनी हात लावला नाही. आई-आजीनं वाहिलेलं होतं ते. मला या सगळ्या कथेत हिगियापेक्षा, अपोलोपेक्षा, ती खांब ढकलणारी माणसं मोठी वाटतात.

आणि पाणी काही थांबलं नाही. देव झाकले गेले, झरा वाहत राहिला. मेदिचींच्या काळात इथं पुन्हा मोठमोठे लोक स्नानाला येऊ लागले, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांच्यासाठी कमानींची ओवरी बांधली गेली. ती वास्तू आज महागड्या हॉटेलाचा भाग आहे. गावातल्या बायका मात्र खालच्या टाक्यावरच राहिल्या, धुणं घेऊन. पायांखाली काय आहे हे ठाऊक नसताना.

आम्ही परतल्यानंतरही तिथून नव्या वस्तू निघतच राहिल्या. 2024 मध्ये मीटरभराच्या आसपास लांबीचा काशाचा सर्प मिळाला, झऱ्याचा राखणदार. कोंबडीची अंडी मिळाली, काही तर न फुटलेली. देवाला अंडं वाहून कुणी दोन हजार वर्षांपूर्वी घरी गेलं, आणि ते अंडं अजून तिथंच होतं! सोन्याचांदीची नाणी एकीकडे, पण या अंड्यांच्या बातमीनं मी दिवसभर अस्वस्थ होतो. अंडं वाहणारा माणूस श्रीमंत नसणार.

या मूर्ती कायमच्या गावातच राहाव्यात म्हणून गावातल्या सोळाव्या शतकातल्या एका वाड्यात संग्रहालय करायचं ठरलं आहे. टाक्यावर भेटलेल्या त्या बाईंना मी विचारलं, तुम्ही मूर्ती पाहिल्यात का? म्हणाल्या, रोमला कशाला जाऊ, त्या घरी येतील तेव्हा बघेन.

संध्याकाळी वर येऊन आम्ही पिची खाल्ल्या. शेवयांसारख्या, पण जाड, पीठ-पाण्याच्या, एकेक दोरा तळहातानं वळलेला. वर टोमॅटो आणि 'आल्योने', त्या खोऱ्यातला मुठीएवढा सौम्य लसूण. शेजारच्या चेल्ले सुल रीगो या वाडीत तर पिचींची जत्राच भरते, मे महिन्यात. माझ्या पत्नीनं स्वयंपाकघरात जाऊन पीठ कसं मळतात ते पाहून घेतलं.

जेवण झाल्यावर तिनं पुन्हा खाली जायचं म्हटलं. तिच्या गुडघ्यांचं दुखणं जुनं आहे, उतार तिला सोपा नव्हता. मी बॅटरी धरली, ती माझ्या खांद्याला धरून एकेक पाऊल उतरली. टाक्यावर कुणीच नव्हतं. वाफ पाण्यावर हातभर उंच तरंगत होती, आणि वर गावाचे चार दिवे. तिनं साडी जराशी उचलली, काठावर बसली, आणि पाय सोडण्याआधी हात जोडले. माझ्या आजीसारखेच. मी तिला कधी ती गोष्ट सांगितली नव्हती.

आम्ही तासभर बसलो. बोललो नाही. अंधारात डोळ्यांना काही दिसत नव्हतं, म्हणून कान उघडे झाले आणि मला तीन आवाज वेगळे ओळखू यायला लागले: दगडी तोंडातून टाक्यात पडणारी धार, टाक्यातून बाहेर ओढ्याकडे जाणारं पाणी, आणि कुंपणापलीकडून, त्या खड्ड्यातून, अगदी बारीक, उकळी फुटल्यासारखं काहीतरी. मी फोन काठावर ठेवला आणि ते टिपून घेतलं. रेडिओ केंद्रानं मला आणखी अर्धं मिनिट दिलं आहे. खोलीत पंखा असेल तर जरा बंद करा.

(ध्वनी: वाहत्या पाण्याचा आवाज, 30 सेकंद)