जास्वंदीवरचा पांढरा कापूस

मंडळी, शोभेच्या झाडांवरील किडींविषयी बोलायचे म्हटले की मावा, फुलकिडे, लाल कोळी, खवले कीड अशी लांबलचक यादी समोर येते. ती आज मी वाचणार नाही. इथल्या बहुतेकांच्या गच्चीत किंवा गॅलरीत एखादी जास्वंद असेलच आणि तिच्या शेंड्यांवर पांढरा कापूस चिकटल्यासारखा कधी ना कधी दिसला असेल, म्हणून त्या एका किडीपुरतेच बोलतो. तिला पिठ्या ढेकूण म्हणतात. द्राक्षबागायतदार सरळ मिलीबग म्हणतात. नाव ढेकूण असले तरी खाटेतल्या ढेकणापेक्षा त्याचे नाते मावा आणि खवले किडीशी जवळचे आहे.

याची मादी बिनपंखी असते, जेमतेम तीन मिलिमीटर लांब. ती कोवळ्या फुटीत सोंड खुपसून रस शोषते. मग शेंडा आखडतो, पाने चुरगळतात, कळ्या उमलण्याआधीच गळतात. आपल्याला दिसणारा कापूस म्हणजे बऱ्याचदा तिची अंड्यांची पिशवी असते आणि एका पिशवीत शेकडो अंडी असू शकतात. अंगावरचे पीठ हे मेण आहे, त्यामुळे नुसत्या पाण्यात कालवलेले औषध त्यावरून घरंगळून जाते आणि आपण मात्र औषध भेसळीचे होते म्हणून दुकानदाराला दोष देतो. अंड्यांतून नुकत्याच निघालेल्या पिल्लांवर हे मेण फारसे नसते. तेव्हाच ती सहज मरतात, म्हणूनच एका फवारणीत काम होत नाही आणि सात-आठ दिवसांच्या अंतराने दोन-तीनदा फवारावे लागते.

पण फवारणीच्या आधी खोडाकडे पाहा. मुंग्यांची रांग वर जाताना दिसली, तर खरे काम तिथे आहे. पिठ्या ढेकूण जो गोड चिकटा सोडतो, तो मुंग्यांचे अन्न असतो; त्याच्या मोबदल्यात त्या किडीचे शत्रू हुसकून लावतात. तोच चिकटा खालच्या पानांवर पडून त्यावर काळी बुरशी चढते. पूर्वी दुधाच्या कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवत, तोच उपाय कुंडीला करता येतो. जमिनीतल्या झाडाच्या खोडाला कागदाची पट्टी गुंडाळून तिच्यावर ग्रीसचा थर द्यावा आणि एखादी फांदी भिंतीला टेकलेली असेल तर ती छाटावी, नाहीतर मुंग्यांना तो पूलच होतो.

त्यानंतर जास्त माखलेले शेंडे कापून जागच्या जागी पिशवीत भरावेत. कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नयेत. उरलेल्या झाडावर लिटरला पाच ग्रॅम मऊ साबण विरघळवून पानांच्या खालच्या बाजूने आणि बेचक्यांत नीट भिजेल असे फवारावे. कपड्यांची पावडर वापरू नये, पाने करपतात. निंबोळी अर्क करायचा असल्यास निंबोळ्यांची पन्नास ग्रॅम भरड फडक्याच्या पुरचुंडीत बांधून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवावी, सकाळी पिळून गाळून घ्यावी आणि त्यात थोडे साबणाचे पाणी घालून संध्याकाळी फवारावे. नवीन उपाय आधी एकाच फांदीवर करून पाहावा.

आता एक कबुली. कीटकशास्त्र शिकूनही मी माझ्या गच्चीतल्या जास्वंदीवरचे मोठे, झिपऱ्या पिठ्या ढेकूण टूथब्रशने घासून काढले होते, आणि ते निघाले माझेच मित्र. क्रिप्टोलेमस नावाचा, पिठ्या ढेकूण खाणारा एक ढालकिडा आहे. मूळचा ऑस्ट्रेलियाचा, भारतात 1898 मध्ये आणलेला. त्याची अळी अंगावर पांढऱ्या मेणाच्या लोंबत्या झालरी घेऊन फिरते, इतकी की ती भक्ष्याचाच वेश घेऊन हिंडते असे वाटावे. ओळखायचे कसे? काडीने हळूच स्पर्श करा. पिठ्या ढेकूण जागचा फारसा हलत नाही, हलला तरी रेंगाळत. अळी झपाट्याने चालू लागते. शिवाय पूर्ण वाढलेली अळी आकाराने त्याच्या तिप्पट-चौपट भरते. 1994 मध्ये कॅरिबियनमधील ग्रेनाडा बेटावर गुलाबी पिठ्या ढेकणाने जास्वंदीची कुंपणे उजाड केली, तेव्हा त्या भागात ज्या मित्रकीटकांचा आधार घेतला गेला, त्यांत हाही होता.

म्हणून जहाल औषधाला माझा विरोध आहे, आणि तो भाबडेपणातून आलेला नाही. सिंथेटिक पायरेथ्रॉइड फवारले की मेणाखाली दडलेली कीड बरीचशी वाचते, उघड्यावर फिरणारे ढालकिडे मात्र मरतात, आणि काही आठवड्यांत प्रादुर्भाव पहिल्यापेक्षा वाढलेला दिसतो. इमिडाक्लोप्रिडसारखे आंतरप्रवाही औषध कुंडीत ओतले, तर ते रसातून फुलापर्यंत पोहोचते. मधमाशा त्या फुलावर येतात, आणि ते फूल आपण गणपतीला वाहून प्रसादाच्या ताटाशेजारी ठेवतो.