भाऊजींचं वजन आणि जगाचा धूर

नमस्कार मंडळी, इंदूरहून बोलून राहिलोय. आमचे एक भाऊजी आहेत, रामबागेत राहतात, सकाळी पोहे-जिलबी आणि रात्री सराफा बाजारातलं खाणं हा त्यांचा नेम, त्यात खाडा नाही. मागच्या महिन्यात डॉक्टरकडून आले ते एकदम खुशीत, म्हणे आधी वर्षाला चार किलो वाढायचो, यंदा एकच वाढलो! ताई म्हणाली, म्हणजे उतरलं नाहीच ना? तर म्हणे, अगं पण फरक तर पडला!

आता जगाचंही अगदी हेच चाललंय बघा. 2000 नंतरच्या दहा वर्षांत कोळसा, तेल, गॅस जाळून निघणारा कार्बन डायऑक्साइड दरवर्षी साधारण 3 टक्क्यांनी वाढायचा, गेल्या दहा वर्षांत ही वाढ 1 टक्क्याच्याही खाली आलीये. तापमानवाढ रोखायच्या पॅरिस कराराच्या आधी, म्हणजे 2015 च्या सुमारास, शतक संपेपर्यंत जगाचं तापमान 4 डिग्रीच्या जवळपास वाढेल असा हिशोब होता, आणि 2025 चा संयुक्त राष्ट्रांचा रिपोर्ट म्हणतो की आहेत तीच धोरणं चालू राहिली तर 2.8. करारात ठरवलं होतं 2 च्या बरंच खाली, जमलं तर 1.5. मग खूश व्हायचं का?

मी ताईच्या पार्टीत आहे. कारण हा तापवणारा कार्बन डायऑक्साइड शेकडो वर्षं हवेत राहतो, 1958 मध्ये हवाईतल्या मौना लोआला मोजायला सुरुवात झाली तेव्हा हवेच्या दर दहा लाख भागांत 315 भाग होता, आता 420 च्या वर गेलाय. हळूहळू करू म्हटलं की तेवढ्या वर्षांचा धूर वरच साचतो, तो काही कोणी परत खाली आणून देत नाही.

पण भाऊजींची बाजू अगदीच पोकळ आहे असंही नाही हं. आपल्याच मध्य प्रदेशातला रीवाचा सोलर प्रकल्प घ्या. 2010 च्या आसपास आपल्याकडे सोलरची वीज युनिटला दहा-बारा रुपये पडायची, श्रीमंतांचं खेळणं म्हणायचे लोक, आणि 2017 च्या रीवाच्या लिलावात पहिल्या वर्षाचा भाव निघाला 2 रुपये 97 पैसे! दिल्ली मेट्रो ती वीज घेते, पृथ्वीवर उपकार म्हणून नाही तर परवडते म्हणून, आणि मला आशा वाटते ती इथे, कारण सरकारं बदलतात, भाषणं विसरली जातात, पण स्वस्त पडलेली गोष्ट लोक सोडत नाहीत. ब्रिटनमध्ये 2012 साली जवळपास 40 टक्के वीज कोळशाची होती, 2024 च्या सप्टेंबरअखेर शेवटचं कोळशाचं वीजघर बंद झालं. बारा वर्षं फक्त.

आपल्या इंदूरचंच सांगतो. नर्मदेचं पाणी जलूदहून सत्तरेक किलोमीटर पंपांनी चढवून आणतो आपण, त्याचं बिल ऐकलं तर घसा कोरडा पडेल. त्यासाठी महापालिकेने 2023 मध्ये 244 कोटींचे ग्रीन बॉन्ड, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे, काढले, तिकडे 60 मेगावॉटच्या सोलर प्लांटसाठी. आणि देवगुराडियाला ओल्या कचऱ्यापासून सीएनजी करायचा 550 टन रोजचा प्लांट आहे, हा मला जास्त आवडतो, कारण कचरा कुजून निघणारा मिथेन तापवतो भयंकर पण हवेत टिकतो दहा-बारा वर्षंच, म्हणजे तो आज अडवला तर फायदा आपल्या डोळ्यांदेखत दिसू शकतो.

एक गोष्ट मात्र नीट ऐका. जून 2025 मध्ये भारताची निम्मी वीजक्षमता कोळसा-गॅसशिवायची झाली, 2030 चं टार्गेट पाच वर्षं आधीच, पेढे वाटले सगळ्यांनी. पण पंगतीत निम्मी पानं मांडली म्हणजे निम्मे लोक जेवले असं होत नाही ना, सूर्य मावळला की त्यातली सोलरची पानं रिकामी, आणि वापरातली सत्तर टक्क्यांच्या आसपास वीज अजून कोळशाचीच आहे. दिवसाची वीज रात्रीसाठी साठवणाऱ्या बॅटऱ्या स्वस्त होऊन राहिल्या आहेत, त्या किती लवकर बसवल्या जातात यावर बरंच अवलंबून आहे.

हां, भाऊजींनी पण गच्चीवर 3 किलोवॉटचं सोलर बसवलं, 78 हजारांची सबसिडी मिळाली म्हणून. रोज सकाळी मोबाइलवर काल किती युनिट झाले ते बघतात, ताईला दाखवतात, आणि मग स्कूटर काढून चौकापर्यंत पोहे खायला जातात. चारशे पावलं आहेत हो.