दुकानात कॅमेरा पारखताना

(रत्नागिरीतल्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, मघाशी ओळख करून देताना सरांनी मला छायाचित्रकार म्हटलं. मी लग्नाची शूटिंग करणारा माणूस. माझ्या एका खांद्यावर फोटोचा कॅमेरा असतो आणि दुसऱ्यावर व्हिडिओचा. तुम्हाला मात्र एकाच कॅमेऱ्यात दोन्ही हवंय, आणि तोही आयुष्यातला पहिला कॅमेरा. तर माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणाला घाई असेल तर उठता येईल. फोटोचा फार विचार करू नका, कॅमेरा व्हिडिओसाठी पारखा. आज एपीएस-सी सेन्सरचा, म्हणजे चित्र टिपणारी पट्टी मोबाइलपेक्षा बरीच मोठी असलेला कुठलाही कॅमेरा उचला, फोटो चांगलाच येतो. २१ मेगापिक्सेल की २४, हे तुमच्या भिंतीवरच्या फ्रेममध्ये कुणाला ओळखता येणार नाही. फसगत होते ती व्हिडिओत.

आणि दुकानात नेमकं उलटं होतं. काउंटरवर प्लॅस्टिकची फुलं ठेवलेली असतात. त्यांचा एक फोटो काढतात, झूम करून दाखवतात, ‘बघा साहेब, पाकळी न् पाकळी.’ आपण खूश होतो आणि पैसे मोजतो.

कॅननचा १५००डी घ्या. स्वस्त आहे, फोटो छान येतात, म्हणून कित्येकांचा तो पहिला कॅमेरा. पण त्याला बाहेरचा माइक लावायला भोकच नाही. म्हणजे देवळातलं कीर्तन घेतलंत, तर बुवा कमी आणि डोक्यावरचा पंखा जास्त ऐकू येणार. कॅननच्याच २००डी मार्क २ च्या खोक्यावर फोर-के, म्हणजे फुल एचडीहून जास्त बारकाव्याचा व्हिडिओ, असं लिहिलेलं आहे आणि ते खरंही आहे. फक्त फोर-के चालू केलं की चित्राच्या कडा कापल्या जातात. घरातली सगळी माणसं मावतील म्हणून घेतलेल्या १८ एमएमच्या लेन्समध्ये मग निम्मी मावतात. शिवाय चेहरा झटकन पकडणारा ड्युअल पिक्सेल फोकस त्या वेळी बंद असतो. फुल एचडीवर मात्र हाच कॅमेरा गुणी आहे, माइकही लागतो. सेकंड-हँड चांगला मिळाला तर मी नको म्हणणार नाही.

नवा घ्यायचा तर मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला. कॅनन आर ५०, निकॉन झेड ३०, सोनी झेडव्ही-ई१०, साधारण या तिघांत तुमचा घोळ होणार. मी एकच प्रश्न विचारेन: तुम्ही भर उन्हात किती फोटो काढणार? झेड ३० आणि झेडव्ही-ई१० ला डोळा लावायला व्ह्यूफाइंडर नाही. भाट्याच्या किनाऱ्यावर दुपारी बाराला मागचा स्क्रीन बघा, त्यात तुमचाच चेहरा दिसतो. तिथे आर ५०. उलट, स्वयंपाकघरात ओट्याशी उभं राहून कॅमेऱ्याशी बोलायचं असेल तर व्ह्यूफाइंडर काय करायचाय? तिघांपैकी हेडफोन लावायची सोय एकट्या सोनीत आहे, आणि आवाज ऐकत रेकॉर्ड करणं किती मोलाचं असतं हे पहिला कार्यक्रम हातचा गेल्यावर कळतं. हात हलला तर सावरून घेणारा सेन्सर मात्र तिघांतही नाही. तेव्हा चालत चालत शूटिंग करायचं मनातून काढा, ट्रायपॉड घ्या.

माझा एक कार्यक्रम असाच हातचा गेला. गावचं नमन होतं, आपलं कोकणातलं लोकनाट्य. आमचा चुलतभाऊ त्यातलं हसवणारं सोंग, संकासुर, करायचा. मी कॅमेरा ट्रायपॉडवर लावला, बटण दाबलं आणि मांडी घालून निवांत बसलो. संकासुर रंगात आला, लोक हसून लोळताहेत, मीही हसतोय. नंतर बघतो तर २९ मिनिटं ५९ सेकंदांवर कॅमेरा गुपचूप थांबलेला. भाऊ वर्षभर बोलला नाही. बिघाड नव्हता तो. युरोपच्या जकातीत सलग ३० मिनिटं चित्रण करणारं यंत्र व्हिडिओ कॅमेरा धरलं जायचं आणि त्यावर कर बसायचा. तो वाचवायला कंपन्या फोटोच्या कॅमेऱ्यांना एक सेकंद अलीकडे थांबवत. युरोपातली जकात आणि आमचा संकासुर! आता ही अट सुटत चालली आहे, झेड ३० सलग १२५ मिनिटांपर्यंत जातो. तरी घेताना हा आकडा विचाराच.

आता जरा वर बघा. ही ट्यूब आपल्याला स्थिर दिसते. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे ही सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते. कॅमेऱ्याचं शटर, म्हणजे एकेक चित्र किती वेळात टिपायचं ते, मी सेकंदाच्या १/१००० वर ठेवतो... ताई, पुढे या, स्क्रीन बघा. काळे पट्टे सरकताहेत ना? आता हे चाक फिरवून १/५० वर आणतो. गेले. घरी गेल्यावर मेनूत पॅल निवडा, म्हणजे ५० हर्ट्झच्या विजेला जुळणारी व्हिडिओपद्धत, सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५०. अर्धे लोक कॅमेरा खराब आहे म्हणून परत घेऊन जातात, ते या पट्ट्यांपायी.

समजा तुमच्याकडे ८० हजार आहेत, तर ते सगळे बॉडीवर, म्हणजे नुसत्या कॅमेऱ्यावर, घालू नका. माइक, ट्रायपॉड आणि कार्ड यांचे पैसे आधी बाजूला काढा. कार्डावर व्ही ३० लिहिलेलं हवं, ती त्याच्या वेगाची खूण. सेकंदाला १०० मेगाबिटचं फोर-के तासाला ४५ जीबी खातं, ६४ जीबीचं कार्ड दीड तासही पुरत नाही. आणि मोबाइलचा कॉलर माइक घरी आहे म्हणून खूश होऊ नका. त्याच्या पिनवरचे काळे पट्टे मोजा. तीन असतील तर तो मोबाइलचा, कॅमेऱ्याला दोन पट्ट्यांचा लागतो. नाहीतर मधे अडॅप्टर घाला, शंभर-दोनशेचं काम आहे.

हां, काका, काय आणलंय? ५० एमएम! भाच्याने दिली? बघू. जुनी लेन्स घेताना असं करायचं: दोन्ही झाकणं काढा, एका बाजूने मोबाइलचा टॉर्च मारा आणि दुसऱ्या बाजूने तिरकं बघा. हे बघा, कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे. बुरशी आहे. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात कपाटातल्या लेन्सचं हेच होतं. थोडी आहे, फोटोत एवढ्यात दिसणार नाही. पण दुसऱ्या लेन्सच्या शेजारी ठेवू नका. तांदळाच्या डब्यात तर नकोच, पीठ आत जातं. घट्ट झाकणाचा डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि दर रविवारी काढून थोडी वापरा. भाच्याला काही बोलू नका, त्याला माहीतही नसेल.