एका उपसागराची किंमत, एका बेटाची किंमत

नमस्कार. आजच्या विषयात दोन देश आहेत, जपान आणि मॉरिशस. जपानचं क्षेत्रफळ पावणेचार लाख चौरस किलोमीटरच्या वर आणि लोकसंख्या बारा कोटींच्या पुढे. मॉरिशस दोन हजार चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या रायगड जिल्ह्याच्या एक तृतीयांशाहूनही लहान. तिथे साडेबारा लाख माणसं राहतात.

अशा दोन देशांच्या पर्यावरणाची तुलना करायची म्हटली, की आपण लगेच आकडे मांडायला बसतो. हवा किती स्वच्छ, जंगल किती. जंगलाचंच घ्या. जपानची दोन तृतीयांश जमीन आजही वनाखाली आहे. मॉरिशसमध्ये चांगल्या स्थितीतलं मूळचं जंगल दोन टक्केही उरलेलं नाही. एवढंच ऐकलं तर वाटेल, मोठ्या देशाने राखलं आणि लहानाने घालवलं. पण मॉरिशसचं जंगल कोणी तोडलं? आधी डचांनी, एबनीच्या काळ्या लाकडासाठी. मग फ्रेंचांनी आणि इंग्रजांनी, उसासाठी. तो ऊस लावायला १८३४ पासून हिंदुस्थानातून जे चार-साडेचार लाख मजूर करारावर नेले गेले, त्यांत मुंबई बंदरातून चढलेली आपल्या कोकणातली माणसंही होती. त्यांची पतवंडं आजही तिथे गणपती बसवतात. साखर मात्र युरोपात गेली. उलट जपानने जंगल राखलं त्यात तिथल्या लोकांच्या शिस्तीचा वाटा आहेच, पण घरांना आणि कागदाला लागणारं लाकूड कित्येक वर्षं बाहेरच्या देशांतून आणणं परवडलं, याचाही आहे. म्हणून नुसत्या आकड्यांनी माझं समाधान होत नाही. नुकसान झालं तेव्हा ते करणाऱ्याला कोण जाब विचारू शकलं आणि कशाच्या बळावर, हे मला आज तपासायचं आहे.

जपानपासून सुरुवात करू. आज जपान म्हटलं की टापटीप डोळ्यांसमोर येते. पण १९५० आणि ६० च्या दशकातला जपान हा जगातल्या सगळ्यात प्रदूषित देशांपैकी एक होता. क्यूशू बेटावर मिनामाता नावाचं गाव आहे. तिथल्या चिस्सो कंपनीच्या कारखान्यातून १९३२ पासून पाऱ्याचं सांडपाणी समुद्रात सोडलं जात होतं. पारा मासळीत गेला आणि मासळीतून माणसांत. हातपाय थरथरायला लागले, बोलणं अडखळू लागलं, दृष्टी आकसत गेली. आईच्या पोटातली मुलंही सुटली नाहीत. १ मे १९५६ रोजी कारखान्याच्याच रुग्णालयातले डॉक्टर होसोकावा यांच्याकडून या अनोळखी आजाराची सरकारदरबारी नोंद झाली. याच डॉक्टरांनी १९५९ मध्ये कारखान्याचं सांडपाणी मांजरांच्या अन्नात मिसळून पाहिलं. मांजर क्रमांक ४०० ला माणसांसारखीच लक्षणं दिसली. म्हणजे कारण सापडलं होतं. कंपनीने ते दाबून ठेवलं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात रुग्णांच्या हातावर थोडे पैसे ठेवले आणि करारात एक कलम घातलं: पुढे कारखाना दोषी ठरला तरी जास्त भरपाई मागणार नाही. सरकारने कारण अधिकृतपणे मान्य करायला १९६८ साल उजाडलं. मधली नऊ वर्षं विष वाहतच होतं.

अशा देशाने कूस बदलली कशी? यात दोन गोष्टी मला फार महत्त्वाच्या वाटतात. पहिली, नोंदी. कीताक्यूशू शहरात पोलादाचे कारखाने होते. तिथल्या दोकाई उपसागरात जंतूसुद्धा जगत नाहीत असं म्हणत. या शहरात सगळ्यात आधी आवाज उठवला तो महिला मंडळांनी. त्यांतल्या कितीतरी जणींच्या नवऱ्यांचा पगार त्याच कारखान्यांतून यायचा. या बायकांनी काय केलं, तर धुतलेल्या चादरी वाळत घातल्या आणि त्यांवर बसलेली काजळी तपासली. शाळांतून मुलांच्या गैरहजेरीचे आकडे आणले आणि ते धुराच्या आकड्यांशी ताडून पाहिले. तिकडे योक्काइची शहरात तेलशुद्धीकरणाच्या धुराने लोकांना दमा जडत होता. तिथे मिए विद्यापीठातल्या योशिदा या प्राध्यापकांनी आरोग्य विम्याच्या कागदांतून कोणत्या वस्तीत दम्याचे रुग्ण किती, हे शोधून काढलं. एकेका रुग्णाचा दमा नेमक्या कोणत्या धुरांड्यामुळे झाला, हे कोणालाच सिद्ध करता आलं नसतं. न्यायालयाने वस्तीच्या नोंदी पुरावा म्हणून स्वीकारल्या आणि जुलै १९७२ मध्ये सहा कंपन्यांना एकत्रितपणे जबाबदार धरलं.

दुसरी गोष्ट, न्यायालय. नुकसान करणारा आणि सोसणारा एकाच कायद्याखाली होते, एकाच भाषेत भांडत होते, एकाच संसदेसाठी मत देत होते. १९७० च्या एका अधिवेशनात जपानी संसदेने प्रदूषणाचे चौदा कायदे केले. मार्च १९७३ मध्ये कुमामोतोच्या न्यायालयाने मिनामाताच्या रुग्णांच्या बाजूने निकाल दिला आणि १९५९ चा तो करार रद्दबातल ठरवला. पुढे उपसागराच्या तळाचा पारामिश्रित गाळ उपसला गेला. १९७७ ते १९९० असं हे काम चाललं, ५८ हेक्टर जागा भराव टाकून बुजवली, आणि खर्च आला सुमारे ४८.५ अब्ज येन. त्यातला मोठा वाटा कंपनीच्या माथी आला. उपसागराच्या तोंडाशी लावलेलं मासे अडवणारं जाळं १९९७ मध्ये काढलं गेलं. सगळं फिटलं असं मात्र समजू नका. अधिकृतपणे मान्य झालेले रुग्ण तीन हजारांच्या आसपास आहेत आणि नाकारलेले कितीतरी जास्त. २०२३ मध्येही ओसाकाच्या न्यायालयात अशाच शंभराहून अधिक जणांच्या बाजूने निकाल लागला.

एका उपसागरासाठी ४८.५ अब्ज येन, हा आकडा जरा लक्षात ठेवा.

आता मॉरिशस. २५ जुलै २०२० च्या संध्याकाळी वाकाशिओ नावाचं तीनशे मीटर लांबीचं जहाज पॉइंत देस्नी इथल्या प्रवाळावर चढलं. मालकी जपानी, चालवणारी कंपनी जपानी, नोंदणी पनामाची, कप्तान भारतीय. चीनहून सिंगापूरमार्गे ब्राझीलकडे रिकामं चाललं होतं. मॉरिशसला त्याला ना काही उतरवायचं होतं ना भरायचं. मोबाइलला सिग्नल मिळावा म्हणून ते किनाऱ्याजवळ आणलं गेलं, असं चौकशीत पुढे आलं.

बारा दिवस ते तिथेच आपटत राहिलं आणि ६ ऑगस्टला इंधनाची टाकी फुटली. सुमारे एक हजार टन तेल खाजणात आलं. जागा कोणती होती ते सांगतो. एका बाजूला ब्लू बे सागरी उद्यान, तिथली प्रवाळं. दुसऱ्या बाजूला इल ओ एग्रेत, अवघ्या २६ हेक्टरचं बेट. किनारपट्टीवरच्या कोरड्या एबनी वनाचा उरलासुरला तुकडा तिथे आहे, गुलाबी कबुतरं तिथे आहेत. हे तेच मॉरिशस, ज्याने सतराव्या शतकात डोडो पक्षी गमावला, आणि तेच मॉरिशस, जिथे १९७४ मध्ये रानात चारच ससाणे उरलेले दिसले होते आणि माणसांच्या चिकाटीने ती जात पुन्हा उभी राहिली. अशी चिकाटी असलेल्या लोकांच्या दारात हे तेल आलं.

तिथल्या किनाऱ्यावरच्या माहेबूर गावच्या लोकांनी मग जे केलं, त्यासमोर मी नतमस्तक आहे. तेल अडवायचे तराफे पुरेसे नव्हते. लोकांनी उसाचं पाचट आणलं, ते कापडाच्या लांब पिशव्यांत ठासून भरलं, तरंगावं म्हणून आत प्लास्टिकच्या रिकाम्या बाटल्या घातल्या, तोंडं शिवली आणि ही लांबच लांब वळकटी पाण्यात सोडली. केसांना तेल धरून ठेवता येतं म्हणून सलूनमधून कापलेले केस आले. किनाऱ्यावर रांगा लावून बाया, पोरं, कोळी, हॉटेलांतले कामगार काम करत होते. हे आमच्यावर सोडा, असं प्रशासनाने सांगूनही लोक हटले नाहीत. ज्या उसासाठी या बेटाचं रान गेलं, त्याच उसाचं पाचट त्या दिवशी उरलेलं रान वाचवायला कामी आलं. २९ ऑगस्टला राजधानी पोर्ट लुईच्या रस्त्यांवर हजारो लोक उतरले. इतकं जागं समाजमन मोठमोठ्या देशांत दिसत नाही.

पण जाब कोणाला विचारायचा? इथे कायद्याची गोष्ट थोडी बारकाईने सांगावी लागेल. जहाजमालकाने द्यायच्या भरपाईला आंतरराष्ट्रीय करारांनी कमाल मर्यादा घातलेली आहे. असे दोन करार आहेत, १९७६ चा आणि १९९६ चा. जपान नव्या करारात होता, मॉरिशस जुन्यातच. वाकाशिओच्या आकाराच्या जहाजाला नव्या करारानुसार मर्यादा येते सुमारे सात अब्ज येन, आणि जुन्यानुसार सुमारे दोन अब्ज. जहाज तेच, तेल तेच. किनारा जपानचा असता तर सात, मॉरिशसचा म्हणून दोन. तेलवाहू जहाज असतं तर आंतरराष्ट्रीय निधीतून आणखी मदत मिळाली असती, पण वाकाशिओ मालवाहू होतं आणि सांडलेलं तेल त्याच्या स्वतःच्या इंजिनाचं, त्यामुळे तो दरवाजाही बंद. जहाज चालवणाऱ्या कंपनीने पुढे किमान एक अब्ज येन पर्यावरणाच्या कामासाठी देऊ केले, त्याची नोंद घेतली पाहिजे. पण ते स्वेच्छेने दिलेले पैसे आहेत. मिनामाताच्या रुग्णांनी कंपनीची स्वेच्छा नाकारून हक्क मिळवला होता. तो मार्ग माहेबूरच्या मच्छीमाराला असा सरळ मिळत नाही.

आणखी एक अडचण आहे, आणि मला ती सगळ्यात मोठी वाटते. जहाजाच्या इंधनगळतीसाठी जो वेगळा आंतरराष्ट्रीय करार आहे, त्यात पर्यावरणाच्या हानीची भरपाई म्हणजे मुख्यतः ते पूर्ववत करायला लागणारा वाजवी खर्च. पूर्ववत म्हणजे कसं? आधी काय होतं याची नोंद असेल तरच ते ठरणार. खाजणात किती ऑक्टोपस निघायचे, कांदळवनात कोणते मासे अंडी घालायचे, प्रवाळाचा कोणता भाग जिवंत होता. कीताक्यूशूच्या बायकांकडे काजळीची वही होती. वर्षानुवर्षं काम केलेल्या संस्थांमुळे मॉरिशसकडे पक्ष्यांची आणि पालींची नोंद उत्तम होती. त्यामुळेच तेल आल्यावर दुर्मीळ पाली आणि पक्षी पटकन हलवता आले, काही पाली तर थेट ब्रिटनजवळच्या जर्सी बेटावरच्या प्राणिसंग्रहालयात पोचवल्या. लहान होडीवाल्याच्या रोजच्या मासळीची नोंद मात्र फारच विरळ असते, आणि दावा लढवताना नेमकी तीच मागतात.

हे आपल्यापासून दूर नाही. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया ही जहाजं आदळली आणि शेकडो टन तेल रायगडच्या किनाऱ्यापर्यंत आलं. कांदळवनं काळी पडली, बाजारात मासळीला गिऱ्हाईक मिळेना. त्या वेळी एखाद्या कोळीवाड्यातल्या होडीवाल्याला विचारलं असतं, की गेल्या ऑगस्टात तुझी रोजची मासळी किती होती, तर त्याने तोंडी अचूक सांगितलं असतं. कागदावर दाखवायला त्याच्याकडे काही नसतं.

इथे मच्छीमार सोसायट्यांचे बरेच पदाधिकारी बसले आहेत, म्हणून एक कामाचं मागतो. डिझेलच्या परताव्यासाठी तुमच्याकडे होड्यांची कागदपत्रं असतातच. त्यांच्याच शेजारी एक वही ठेवा: तारीख, होडी, कोणत्या बाजूला जाळं टाकलं, कोणती मासळी, किती किलो, काय भाव. कांदळवनाच्या कडेला हाताने शिंपले काढणाऱ्या बायकांचं नाव त्या वहीत आवर्जून घाला, कारण त्यांची होडी नसते आणि त्यामुळे त्या कुठल्याच यादीत नसतात. मॉरिशसला दोन अब्जांची मर्यादा का पडली हे नीट पाहिलं, तर नव्या करारावरच्या एका सहीचा उशीर दिसतो. आपल्याकडे वहीचा उशीर व्हायला नको. ज्यांना वहीचा नमुना हवा आहे, त्यांनी व्याख्यानानंतर थांबावं. आज इथेच बसून आपण तो तयार करू.