हे सुचलं कसं, हे केलं कसं

वाळूवर एक शंख पडलाय. शंखातून बाईचा हात बाहेर आलाय. बोटं लांब, निमुळती, नखं रंगवलेली. मागं आभाळ भरून आलंय. हात पुतळ्याचा आहे हे कळायला थोडा वेळ लागतो, आणि कळल्यावरही नजर हलत नाही.

हे छायाचित्र 1934 सालचं. छायाचित्रकार डोरा मार. पॅरिसमध्ये 1907 साली जन्मलेली, अर्जेंटिनात वाढलेली. लंडनमध्ये थेम्सकाठच्या जुन्या वीजकेंद्रात आता टेट मॉडर्न हे संग्रहालय आहे. तिथं नोव्हेंबर 2019 ते मार्च 2020 या काळात तिचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. त्याआधी ते पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात होऊन गेलं होतं.

अतिवास्तववादी, म्हणजे स्वप्नातल्यासारखं अशक्य काही दाखवणाऱ्या फोटोंसमोर उभं राहिलं की पहिला प्रश्न येतो, हे सुचलं कसं? मला वाटतं, काही नवं करू पाहणाऱ्यानं इथं दुसरा प्रश्न विचारावा. हे केलं कसं?

हा फोटो बघा, ‘सिम्युलातर’. म्हणजे सोंग घेणारा. एका दगडी बोगद्यात एक मुलगा मागं वाकलाय, कमरेत मोडल्यासारखा. बघता बघता आपलाच तोल जातो. भिंती भलत्याच बाजूला वळतायत, जमीन सपाट नाही.

तो मुलगा बार्सिलोनाचा. 1933 मध्ये तिथल्या रस्त्यांवर फिरताना मारनं पोरांच्या कसरती टिपल्या होत्या, त्यातलाच हा एक. आणि बोगदा? तो बोगदाच नाही. व्हर्सायच्या राजवाड्यात संत्र्याची झाडं थंडीपासून जपायला बांधलेलं एक प्रचंड दालन आहे, त्याचं हे कमानदार छत. मारनं ते फक्त उलटं केलं. छत खाली आलं आणि मुलाच्या पायाखालची जमीन झालं.

यातलं काहीही कल्पनेतून काढलेलं नाही. मुलगा खरा, छतही खरं. दोन्ही एकत्र जोडायचे आणि त्या जोडाचाच पुन्हा फोटो घ्यायचा, म्हणजे सांधा लपतो. संगणक नव्हता. कात्री होती, डिंक होता, डार्करूम होती आणि आपलेच जुने फोटो नव्यानं बघायची तयारी होती. ही तयारी मला सगळ्यात मोलाची वाटते.

आता हा चेहरा. नुश एल्युआर, कवी पॉल एल्युआर यांची पत्नी. चेहऱ्यावर कोळ्याचं जाळं पसरलंय. फोटोचं नाव, ‘वर्षं तुमच्यावर टपून आहेत’. सुरकुत्यांवरच्या एखाद्या क्रीमच्या जाहिरातीसाठी तो केला असावा, असं मानतात. मार फॅशनची, जाहिरातींची कामं घ्यायची. पोटासाठीचं काम वेगळं आणि मनासाठीचं वेगळं, अशी वाटणी तिच्या कामात दिसत नाही. जाहिरातीत काम करणाऱ्या प्रत्येकानं या फोटोसमोर जरा जास्त वेळ थांबावं.

‘उबू’ मात्र वेगळा. खवल्यांचा, नखांचा एक जीव, डोळे अर्धवट मिटलेले. आर्माडिलो नावाच्या प्राण्याचा तो गर्भ असावा, असा अंदाज आहे. मारनं तो कधीच खरा-खोटा ठरवू दिला नाही. 1936 मध्ये लंडनच्या आंतरराष्ट्रीय अतिवास्तववादी प्रदर्शनात हा फोटो लागला होता.

पुढं अनेक वर्षं तिची ओळख एवढीच उरली, चित्रकार पिकासोच्या चित्रातली रडणारी बाई. 1937 मध्ये पिकासोचं ‘गेर्निका’ हे भलंमोठं चित्र रंगत असताना त्याचे टप्पे कॅमेऱ्यात टिपणारीही तीच होती, हे कितीजण सांगतात? हा अन्याय आहे, आणि असं प्रदर्शन तो थोडा तरी दूर करतं.

मार नंतर चित्रकलेकडे वळली. पण 1980 च्या दशकात, सत्तरी ओलांडल्यावर, ती पुन्हा डार्करूममध्ये गेली. यावेळी कॅमेऱ्याशिवाय. प्रकाशाला जागा होणाऱ्या कागदावर वस्तू ठेवायच्या, उजेड पाडायचा, कागद रसायनात बुडवायचा. जिथं वस्तू होती तिथं कागद पांढरा राहतो, बाकीचा काळा पडतो. असे शेकडो कागद तिनं केले. जुन्या निगेटिव्हवर ओरखडे काढून त्यांचेही नवे प्रिंट काढले. 1997 मध्ये ती गेली, तेव्हा यातलं बरंचसं काम लोकांनी पाहिलेलंच नव्हतं.