खजिन्याला वजन हवे

मित्रहो, 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'सारख्या टेबलावर बसून खेळायच्या भूमिका-खेळात ड्रॅगन मेला की डीएम (खेळ चालवणारा) सांगतो, "साडेसात हजार सोन्याची नाणी मिळाली." खेळाडू कॅरेक्टर शीटवरचा (आपल्या पात्राच्या नोंदीच्या कागदावरचा) जुना आकडा खोडून नवा लिहितात आणि पुढच्या खोलीकडे वळतात. मोहिमेतला सगळ्यात रंगणारा भाग इथे दोन ओळींत वाया जातो. खजिना ही वस्तू आहे. ती उचलावी लागते, बाहेर काढावी लागते, वाटून घ्यावी लागते आणि विकावी लागते.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चे १९८१चे बेसिक नियम घ्या. त्यांत सुरक्षित जागी आणलेल्या खजिन्याच्या प्रत्येक सोन्याच्या नाण्यामागे एक एक्सपी, म्हणजे अनुभवाचा गुण, मिळतो. दुसऱ्या लेव्हलला (पात्राच्या पुढच्या पायरीला) जायला फायटरला, म्हणजे लढवय्याला, २,००० आणि मॅजिक-युझरला, म्हणजे जादूगाराला, २,५०० लागतात. चौघांच्या पार्टीत (खेळाडूंच्या पात्रांच्या गटात) सगळे समान वाटे घेत असतील, तर मॅजिक-युझर वर जाईपर्यंत एकूण १०,००० एक्सपी जमवावे लागतात. त्यातला तीन चतुर्थांश भाग खजिन्यातून यावा असे धरले, तर ७,५०० नाणी ठेवावी लागतील.

आता वजन पाहू. या नियमांत दहा नाण्यांचा एक पौंड, म्हणजे ७,५०० नाणी ७५० पौंडांची झाली. एका माणसाला जास्तीत जास्त १,६०० नाण्यांचा भार पेलता येतो आणि प्लेट मेल, म्हणजे पोलादी पत्र्यांचे चिलखत, घातलेल्याचे ५०० तिथेच जातात. चौघे रिकाम्या अंगाने आले तरी ६,४०० नाण्यांवर थांबतील. एका फेरीत काम होत नाही.

वेगाचा हिशेब तर आणखी कडक आहे. ४०० नाण्यांपर्यंतच्या भाराला दहा मिनिटांच्या एका टर्नमध्ये १२० फूट जाता येते. ८०० च्या वर भार गेला की फक्त ३०. बाहेरचा दरवाजा ६०० फुटांवर असेल, तर हलक्या माणसाला ५ टर्न लागतात आणि लादलेल्याला २०. दर दोन टर्नांनी भटक्या राक्षसासाठी फासा टाकायचा, म्हणजे दोन फाशांचे दहा झाले. काही नाणी टाकून द्यायची, लपवून ठेवायची, की हमालांना घेऊन परत यायचे? हा वाद टेबलावर आपोआप पेटतो आणि डीएमला त्यासाठी एकही ओळ बोलावी लागत नाही.

म्हणून खजिना कोणत्या रूपात ठेवायचा, हा माझ्या मते किमतीपेक्षा मोठा निर्णय आहे. याच नियमांत एक दागिना दहा नाण्यांइतका जड असतो आणि त्याची किंमत तीन सहा बाजूंच्या फाशांची बेरीज गुणिले १००, म्हणजे सरासरी १,०५० येते. असे सात दागिने ठेवलेत तर ७,३५० नाण्यांचे मोल ७० नाण्यांच्या वजनात मावते आणि पेच नाहीसा होतो. उलट तेच मोल तांब्यात ठेवले तर शंभरपट नाणी होतात. ती कोणी हलवणार नाही आणि खेळाडू वैतागतील. पहिल्या मोहिमेत निम्मे मोल दागिने आणि रत्नांत, उरलेले सोने-चांदीत ठेवा. एखादी अवघड वस्तू जरूर असू द्या: गुंडाळलेला गालिचा, कोरीव दरवाजा, देवाची जड मूर्ती.

पाचव्या आवृत्तीच्या २०१४च्या नियमांत मात्र हे गणित ढिले पडते. तिथे पन्नास नाण्यांचा पौंड आहे आणि उचलण्याची मर्यादा स्ट्रेंग्थच्या (पात्राच्या ताकदीच्या आकड्याच्या) पंधरापट पौंड. म्हणजे स्ट्रेंग्थ १० असलेला एकटा माणूस १५० पौंड, ७,५०० नाणी, घेऊन निघेल. त्यात ५०० पौंड मावणारी बॅग ऑफ होल्डिंग ही जादूची पिशवी लवकर दिलीत तर वजनाचा प्रश्नच उरत नाही. ती उशिरा द्या.

नोंद एकाच खेळाडूकडे असावी. वस्तू काय, कुठे सापडली, कोणाच्या पाठीवर आहे, वजन, अंदाजे किंमत, विकली का: एवढे रकाने पुरतात. "कोणाच्या पाठीवर" हा रकाना गाळला की कोणी खड्ड्यात पडल्यावर काय हरवले यावरून भांडण होते. वाटणीत चौघांसाठी पाच वाटे करा. पाचवा सामाईक निधीचा, त्यातून औषधे, हमाल आणि मेलेल्यांना जिवंत करण्याचा खर्च. जादूच्या वस्तूंसाठी फासे टाकून क्रम लावा. ज्याने वस्तू घेतली तो रांगेच्या शेवटी जातो आणि तो क्रम पुढच्या सेशनलाही चालू राहतो. दर वेळी नव्याने फासे टाकले तर नशीबवान एकालाच सगळे मिळते.