आत्याची टिकल्यांची डबी आणि सोन्येआची वसाहत

माझ्या आत्याकडे टिकल्यांची एक डबी होती, पत्र्याची, गोल, झाकणावरचा रंग उडालेला. वर टिकल्यांची पाकिटं आणि खाली कागदाच्या पुडीत गार्डिनलच्या गोळ्या. तिला लहानपणापासून फिट यायच्या. १९८४ मध्ये तिचं लग्न झालं तेव्हा सासरी कुणालाच हे माहीत नव्हतं, आणि रोज रात्री सगळे झोपले की ती उठायची, डबी उघडायची, अंधारातच गोळी घ्यायची आणि परत झोपायची. अशी बरीच वर्षं.

मला कायम वाटायचं की हे लाजेपोटी चाललंय, लोक काय म्हणतील वगैरे. ते होतंच. पण या व्हिडिओसाठी वाचायला बसलो तेव्हा कळलं की तिची भीती लोकांपुरती नव्हती, त्यामागे कायदा पण होता. त्या कायद्याकडे येऊच, पण आधी मला तुम्हाला बरंच लांब न्यायचंय.

हा जुना फोटो बघा. अमेरिकेतलं न्यूयॉर्क राज्य, पण मोठं शहर नाही, आत खेड्यात, सोन्येआ नावाची जागा. शेतं, विटांची घरं, झाडं. बघून वाटेल एखादी शेतकी शाळा असेल. हे आहे क्रेग कॉलनी, फेफरं येणाऱ्या माणसांसाठी सरकारने उभी केलेली वसाहत, पहिले रुग्ण इथे १८९६ च्या जानेवारीत आले.

त्याआधी ही माणसं कुठे असायची? ज्यांच्या घरी जमत होतं ते घरी, नाहीतर निराधारांसाठी जिल्ह्याची जी पुअरहाऊस असायची तिथे, नाहीतर वेड्यांच्या इस्पितळात. म्हणजे महिन्यातून दोनदा फिट येते आणि बाकी अठ्ठावीस दिवस तुमच्या-माझ्यासारखा धडधाकट असलेला माणूस, त्याला कामावर कोणी ठेवत नाही, शाळा घेत नाही, म्हणून तो अशा वॉर्डात बसलाय जिथे त्याच्या आजारावर काहीच होत नाहीये. त्यामुळे वसाहतीची कल्पना मांडणारी माणसं दुष्ट नव्हती हे मला पहिल्यांदा सांगायचंय. त्यांना खरंच कळकळ होती.

ही कल्पना आली जर्मनीतून. बीलेफेल्ड गावाजवळ १८६७ मध्ये चर्चच्या लोकांनी फेफऱ्याच्या रुग्णांसाठी एक घर सुरू केलं, १८७२ मध्ये बोडेलश्विंग नावाचे पाद्री तिथे आले आणि त्या घराचं हळूहळू गावच झालं, बेथेल. शेती, बेकरी, वीटभट्टी, आणि सगळीकडे काम करणारे रुग्णच. बाहेरच्या जगात ज्याला कोणी कामाला हात लावू देत नव्हतं तो इथे सुतार होता, माळी होता. फ्रेडरिक पीटरसन नावाचे न्यूयॉर्कचे डॉक्टर हे बघून गेले आणि परत येऊन मागेच लागले की आपल्याकडे असं हवं. ऑस्कर क्रेग म्हणून राज्याच्या धर्मादाय मंडळाचे अध्यक्ष होते त्यांनी ते उचलून धरलं, पण वसाहत उभी राहायच्या आधीच ते वारले, म्हणून तिला त्यांचं नाव. तोवर ओहायो राज्याने गॅलिपोलिस गावात १८९३ ला आपलं इस्पितळ उघडलं होतं, अमेरिकेतलं अशा प्रकारचं ते पहिलं सरकारी.

आता सोन्येआची जमीन. जवळजवळ १८०० एकर, आणि ती विकत घेतली शेकर पंथाच्या लोकांकडून. हे शेकर लग्न न करणारे, बायका वेगळ्या राहणार, पुरुष वेगळे, सगळं सामायिक, दिवसभर कष्ट आणि प्रार्थना. त्यांची संख्या कमी होत गेली आणि ते दुसरीकडे निघून गेले, घरं तशीच राहिली. तिथे फेफऱ्याचे रुग्ण आले, बायका वेगळ्या, पुरुष वेगळे. मी इथे बराच वेळ अडकलो होतो. तीच घरं, तेच जिने, पण आधीच्या लोकांनी लग्न न करण्याचं व्रत स्वतःहून घेतलेलं आणि नंतरच्यांना कोणी विचारलंच नाही.

पहिले सुपरिंटेंडंट होते डॉ. विल्यम स्प्रॅटलिंग. मनापासून काम करणारा माणूस, फेफऱ्याचा असा स्वतंत्र अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतल्या अगदी सुरुवातीच्या डॉक्टरांपैकी एक. हवा, खाणं, काम, शाळा, खेळ यावर त्यांचा भर. औषध म्हणाल तर ब्रोमाइड. लंडनचे चार्ल्स लोकॉक यांनी १८५७ मध्ये ब्रोमाइडचा उपयोग सांगितला आणि पुढची पन्नास-पंचावन्न वर्षं जगभर तेच. फिट कमी व्हायच्या पण माणूस गुंगीत, अंगावर पुरळ, डोकं जड. याहून चांगलं हातात काही नव्हतं, म्हणून आलेला माणूस बरा होऊन घरी जाणं कमीच. संख्या वाढत गेली, काही वर्षांत हजाराच्या पुढे.

आणि मग १९०५. बॉस्टनचे एक डॉक्टर, वॉल्टर चेस, सिनेमाचा कॅमेरा घेऊन सोन्येआला आले. फिट येताना माणसाचं शरीर नेमकं काय करतं हे फिल्मवर धरायचं होतं, डॉक्टरांना शिकवायला. त्या काळात ही मोठीच गोष्ट, सिनेमाच अजून नवा होता. पण फिट काही सांगून येत नाही, म्हणून रुग्णांना उघड्यावर बसवून ठेवलं आणि वाट बघितली. कुणाला फिट आली की कॅमेरा सुरू. शरीराच्या हालचाली नीट दिसाव्यात म्हणून त्यांच्या अंगावर कपडे जवळजवळ नव्हतेच.

त्या फिल्म्स आजही आहेत. मी बघितल्या. या व्हिडिओत त्या मी दाखवणार नाहीये. आत्याला फिट आली की माझी आजी सगळ्यात आधी तिची साडी नीट करायची, मग डोक्याखाली हात घालायची. लोक कांदा आणा, चप्पल हुंगवा म्हणून ओरडत असायचे आणि आजी साडी नीट करत असायची. (कांदा-चपलेने काहीही होत नाही, माणसाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, आणि पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखान्यात न्या. हे व्हिडिओच्या मधेच सांगतोय कारण शेवटपर्यंत सगळे थांबत नाहीत.) तर ज्यांच्यासाठी एवढी मायेने वसाहत बांधली त्यांच्या अंगावर पांघरूण घालावं असं तिथे उभ्या असलेल्या कुणालाच वाटलं नाही का, हे माझ्या डोक्यातून जात नाहीये.

कळकळ होती, पण वसाहत चालवणाऱ्यांच्या मनात हळूहळू दुसरंच काही शिरत गेलं. आधी म्हणत होते यांना जगापासून वाचवू, मग म्हणायला लागले जगाला यांच्यापासून वाचवू. फेफरं रक्तातून येतं, यांनी लग्नं केली, मुलं झाली की समाज बिघडणार, असं त्यावेळचे शिकले-सवरलेले लोक, प्रोफेसर, जज्ज, सगळे छातीठोकपणे बोलत होते.

यातलं सगळ्यात वाईट घडलं व्हर्जिनिया राज्यात. तिथली वसाहत १९१० मध्ये कायद्याने स्थापन झाली ती फक्त फेफऱ्याच्या रुग्णांसाठी, नंतर त्यात 'मंदबुद्धी' ठरवलेल्या बायका आणल्या, आणि नावच तसं झालं, फेफरेवाल्यांची आणि मंदबुद्धींची वसाहत. १९२४ च्या मार्चमध्ये राज्याने कायदा केला की अशा संस्थांमधल्या लोकांचं मूल न होण्याचं ऑपरेशन त्यांच्या मर्जीविरुद्ध करता येईल. यादीत फेफरं होतंच.

कायदा कोर्टात टिकतो का बघायला एक केस हवी होती, आणि त्यासाठी त्यांनी कॅरी बक नावाची मुलगी निवडली. तिची आई एमा आधीच त्या वसाहतीत होती. कॅरी दुसऱ्या कुटुंबाकडे वाढली, सहावीपर्यंत शाळेत गेली, मग शाळा सोडवून घरकामाला जुंपली. त्या घराच्या नात्यातल्या एका पोराने तिच्यावर बलात्कार केला, ती गरोदर राहिली, आणि मग त्याच कुटुंबाने अर्ज केला की ही मंदबुद्धी आहे, हिला फेफरं आहे, हिला वसाहतीत घ्या. मुलगी झाली, विवियन, ती त्या कुटुंबाकडे ठेवली आणि कॅरी वसाहतीत. तिच्या बाजूने जो वकील उभा होता तो वसाहतीच्याच संचालक मंडळावर पूर्वी बसलेला माणूस. तिच्या बाजूचा एकही साक्षीदार त्याने आणला नाही.

२ मे १९२७ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने आठ विरुद्ध एक असा निकाल दिला, ऑपरेशन करा. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती होम्स यांनी लिहिलं की मूर्खांच्या तीन पिढ्या पुरे झाल्या. तिसरी पिढी म्हणजे विवियन, केस उभी राहिली तेव्हा जेमतेम काही महिन्यांचं बाळ. पुढे ही विवियन शाळेत गेली, हुशार मुलांच्या यादीत तिचं नाव लागलं, आणि आठ वर्षांची असताना आजारपणात गेली. कॅरीचं ऑपरेशन ऑक्टोबर १९२७ मध्ये झालं. तिच्या बहिणीचं, डोरिसचं पण केलं, तिला सांगितलं अपेंडिक्सचं आहे. लग्नानंतर ती किती वर्षं मुलाची वाट बघत राहिली, म्हातारपणी कळलं. एकट्या व्हर्जिनियात अशी जवळपास ८००० ऑपरेशनं झाली.

या केसमध्ये एका तज्ज्ञाची साक्ष होती, हॅरी लाफलिन. कॅरीला एकदाही न भेटता त्याने ती दिली. कुणाकुणाला मुलं होऊ द्यायची नाहीत याचा नमुना कायदाच त्याने लिहिलेला होता, त्यात फेफरं. आणि या लाफलिनला पुढे स्वतःलाच फिट यायला लागल्या. त्याने ते गाजावाजा न करता ठेवलं. मला त्याचा राग येतो, पण त्याला घरात लपून गोळी घेताना डोळ्यासमोर आणलं की आत्याची डबी आठवते आणि पुढे काय वाटतं ते नीट सांगता येत नाही.

जर्मनीत हिटलर आल्यावर जुलै १९३३ मध्ये असाच कायदा झाला, अनुवंशिक फेफरं त्याच्याही यादीत. सगळ्या कारणांचे मिळून चार लाखांच्या आसपास लोक त्या ऑपरेशनला बळी पडले, आणि १९३९ नंतर तर इस्पितळांतून माणसं उचलून मारलीच.

आता त्या गोळीबद्दल. १९१२, जर्मनीतलंच फ्रायबुर्ग. आल्फ्रेड हाउप्टमान नावाचा तरुण डॉक्टर इस्पितळात फेफऱ्याच्या वॉर्डच्या वर राहत होता. असं सांगतात की रात्री खाली रुग्ण फिट येऊन पलंगावरून पडायचे, त्या आवाजाने त्याला झोप लागेना, म्हणून त्यांना शांत झोप लागावी यासाठी त्याने एक नवं झोपेचं औषध दिलं, फिनोबार्बिटल. दुसऱ्या दिवशी बघतो तर फिटच कमी. आणि दिवसासुद्धा कमी. हीच ती आपल्याकडची गार्डिनल. पुढे १९३८ मध्ये बॉस्टनला मेरिट आणि पुटनम यांनी फेनिटॉइन आणलं, जी आपल्याकडे घराघरात इप्टॉइन म्हणून माहितीये.

हाउप्टमान ज्यू होते. १९३५ मध्ये त्यांची प्रोफेसरची नोकरी गेली, १९३८ च्या नोव्हेंबरात डाखाऊच्या छळछावणीत टाकलं, सुटल्यावर कसेबसे देश सोडून अमेरिकेला पोचले. ज्या माणसाने वसाहतींची गरजच संपवणारं औषध दिलं, त्याला त्याच सरकारने हाकललं जे फेफऱ्याच्या रुग्णांना नकोसं ठरवत होतं.

कारण शेवटी वसाहतीचं दार उघडलं ते गोळीने. गोळी लागू पडली की माणूस घरी राहू शकतो, नोकरीला जाऊ शकतो, मग १८०० एकर कशाला? क्रेग कॉलनी दुसऱ्या रुग्णांसाठी वापरली गेली आणि १९८० च्या दशकात तिथे तुरुंग झाला, आजही आहे. व्हर्जिनियाने तो कायदा १९७४ मध्ये काढला, २००२ मध्ये गव्हर्नरांनी माफी मागितली, संस्था २०२० मध्ये बंद झाली. कॅरी बक १९८३ मध्ये गेल्या, माफी त्यांनी ऐकली नाही.

आणि आपण? आपल्याकडच्या ब्रिटिशकालीन वेड्यांच्या इस्पितळांचे अहवाल बघितलेत तर वेडाच्या कारणांच्या तक्त्यात फेफरं असायचं. पण मला ज्याबद्दल बोलायचंय ते स्वातंत्र्यानंतरचं आहे. व्हर्जिनियाने कायदा काढला १९७४ ला, आणि १९७६ मध्ये आपण हिंदू विवाह कायद्यात दुरुस्ती करून वेडाच्या झटक्यांच्या शेजारी फेफरं लिहिलं. वारंवार फेफरं येणाऱ्याचं लग्न कोर्टात जाऊन रद्द करून घेता येऊ लागलं. आत्याचं लग्न १९८४ चं. तिला कलम माहीत नव्हतं, पण शेजारच्या गावातली एक मुलगी अशीच परत पाठवली होती एवढं तिला माहीत होतं.

फेफऱ्यावर काम करणारे डॉक्टर आणि संघटना मागे लागल्या आणि १९९९ च्या डिसेंबरमध्ये तो शब्द कायद्यातून काढला. बातमी आत्यापर्यंत पोचली नव्हती. मीच तिला गेल्या महिन्यात सांगितली, पंचवीस वर्षं उशिरा. ती भाजी निवडत होती. म्हणाली, म्हणजे मधे एवढी वर्षं मी उगाच उठत होते का रे रात्री. मग थोड्या वेळाने म्हणाली, तुझ्या काकांना पहिल्या वर्षातच कळलं होतं म्हणे, त्यांनी पण कधी विचारलं नाही.

मी या व्हिडिओसाठी त्या डबीचा फोटो मागितला. तर म्हणाली गोळ्या आता फ्रिजवर असतात, सगळ्यांच्या गोळ्यांबरोबर, बीपीच्या, शुगरच्या. आणि डबी? ती हसली. म्हणाली, टिकल्या आहेत की तिच्यात.